ओआहू: वैकिकीला शिका, नॉर्थ शोअरला बघा

हवाईतल्या ओआहू बेटाचं तिकीट काढण्याआधी घरात एक गोष्ट ठरवून टाका: सर्फिंग शिकून लाटेवर उभं राहायचंय की लाट बघायचीय? दोन्ही होतं, पण एकाच किनाऱ्यावर नाही. हिवाळ्यात उत्तर पॅसिफिकमध्ये वादळं उठतात आणि त्यांच्या लाटा बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर, म्हणजे नॉर्थ शोअरवर, येऊन आदळतात. तेव्हा दक्षिणेकडचं वैकिकी बहुतेक दिवस नवशिक्याला झेपेल असं असतं. उन्हाळ्यात सगळं उलटं. दक्षिण गोलार्धातल्या लाटा वैकिकीला येतात आणि हिवाळ्यात जिवावर उठणाऱ्या, उत्तरेकडच्या वायमेआच्या उपसागरात लहान मुलं डुंबत असतात. आम्ही डिसेंबरच्या सुट्टीत सॅन फ्रान्सिस्कोहून गेलो. तिथून विमान साडेपाच तासांच्या आसपास. एकाच मुक्कामात शिकायचं आणि बघायचं असेल, तर हीच वेळ.

शिकायला वैकिकीच, आणि वैकिकीतही ‘कनूज’ नावाची लाट. ती किनाऱ्यापासून बरीच आत फुटते आणि लांबवर हळूहळू येत राहते, त्यामुळे उठून उभं राहायला वेळ मिळतो. बोर्ड वाळूवरच्या टपऱ्यांवर तासाने मिळतो. नऊ-दहा फुटी, मऊ पृष्ठभागाचाच घ्या. छोटा बोर्ड छान दिसतो, पण त्याच्यावर नुसतं पोटावर पडून राहणंही जमत नाही. पहिल्या दिवशी शिकवणारा सोबत असावाच. तो लाट निवडून देतो, मागून ढकलतो आणि मुख्य म्हणजे गर्दीतून वाट काढून देतो. गर्दी खरंच असते. सकाळी लवकर गेलात तर कमी.

नियम थोडे, पण कडक आहेत. लाट जिथे फुटत असते त्याच्या सर्वांत जवळ जो असेल, लाट त्याची. त्याच्या वाटेत घुसायचं नाही. पडताना बोर्ड सोडून द्यायचा नाही, मागचा माणूस जखमी होतो. सूर मारायचा नाही, आडवं पसरून पडायचं, कारण खाली प्रवाळाचा खडक आहे. भरती-ओहोटीतला फरक इथे मीटरभरही नसतो. मुंबई-कोकणातलं चार-साडेचार मीटरचं उधाण पाहिलेल्याला हे नगण्य वाटेल, पण उथळ खडकावर तेवढ्यानेही फरक पडतो. लांब बाह्यांचा पोहण्याचा शर्ट घाला. तासभर पोटावर घासून कातडी सोलवटते. सनस्क्रीन झिंकवालं न्या. प्रवाळाला घातक म्हणून ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट असलेलं सनस्क्रीन विकायला हवाईत 2021 पासून बंदी आहे.

आता तिथीचं. पौर्णिमेनंतर आठ ते दहा दिवसांनी या दक्षिण किनाऱ्यावर बॉक्स जेलीफिश येतात. म्हणजे वद्य अष्टमी ते दशमी. त्यांचा डंख चांगलाच महागात पडतो. लाइफगार्ड पाट्या लावतात, पण आपल्याकडे कालनिर्णय असताना पाटीची वाट कशाला बघायची? तिकीट काढतानाच बघून घ्या.

वैकिकीच्या वाळूलगत, कलाकाउआ ॲव्हेन्यूवर ड्यूक कहानामोकूचा पुतळा आहे, गळ्यात कायम ताजे हार. या माणसाने 1912 च्या स्टॉकहोम ऑलिम्पिकमध्ये 100 मीटर पोहण्याचं सुवर्ण जिंकलं, मग ऑस्ट्रेलियात जाऊन लोकांना लाटेवर उभं राहून दाखवलं. सर्फिंग ऑलिम्पिकमध्ये यावं ही त्याची इच्छा होती. ते टोकियोत 2021 मध्ये घडलं, आणि महिलांचं पहिलं सुवर्ण मिळालं करिसा मूरला, जी याच वैकिकीत शिकली. पुतळा समुद्राकडे पाठ करून उभा केलाय, म्हणजे पर्यटकांच्या फोटोत समुद्र यावा. समुद्राकडे पाठ करू नये हा इथला पहिला धडा, आणि ड्यूकलाच तसं उभं केलं म्हणून स्थानिकांनी तेव्हा नाराजी दाखवली होती. मला ती पटते.

नॉर्थ शोअरला मात्र बोर्ड भाड्याने घेऊ नका. हिवाळ्यात तर अजिबात नाही. पाइपलाइन ही जगातली सर्वांत प्रसिद्ध लाट एहुकाई बीच पार्कसमोर किनाऱ्याच्या इतक्या जवळ फुटते, की दुर्बीण नसली तरी माणसाचा चेहरा दिसतो. खाली उथळ खडक, वर पोकळ लाट, आणि त्या पोकळीतून माणूस बाहेर येतो किंवा येत नाही. सगळा किनारा एकदम ‘ओऽऽ’ करतो. लाट ‘आठ फुटी’ आहे असं कुणी म्हणालं तर हसू नका. इथे जुन्या पद्धतीने लाट मागच्या बाजूने मोजतात, समोरून ती साधारण दुप्पट भरते.

वायमेआला ओल्या वाळूवर उभं राहू नका. पाणी कधीही तिथवर येतं आणि पाय उचलून नेतं. फोटोसाठी पुढे सरकणाऱ्यांना लाइफगार्ड भोंग्यावरून ओरडत असतात. त्यांचं ऐका, या किनाऱ्यावर सर्वांत मोठा मान त्यांचाच. 1968 मध्ये इथे नेमलेल्या एडी आयकाऊने 500 हून अधिक जीव वाचवले असं सांगतात. 1978 मध्ये ‘होकुलेआ’ ही पारंपरिक नौका उलटली, तेव्हा मदत आणायला तो आपला बोर्ड घेऊन निघाला. बाकीचे वाचले, एडी सापडला नाही. त्याच्या नावाची स्पर्धा वायमेआला भरते, पण लाट हवाई मापाने 20 फूट असेल तरच. त्यामुळे 2009 नंतर ती थेट 2016 मध्ये झाली, मग 2023 मध्ये. त्या वर्षी जिंकलेला ल्यूक शेपर्डसन हा त्या दिवशी ड्युटीवर असलेला लाइफगार्ड होता. सुट्टी घेऊन नव्हे, मधल्या वेळात येऊन जिंकला.

बाहेरच्यांनी इथे जपून बोलावं, याला इतिहास आहे. 1970 च्या दशकात काही ऑस्ट्रेलियन तरुणांनी ‘आम्ही तुमच्यापेक्षा सरस’ अशा बढाया छापल्या. पुढच्या हिवाळ्यात त्यांना स्थानिकांचा मार खावा लागला आणि समेट घडवायला आयकाऊ कुटुंबाला मध्ये पडावं लागलं. आपलं राज्य गेलं, जमीन गेली, लाटाही जातील की काय, अशी ती स्थानिकांची धास्ती होती. मारहाणीचं समर्थन करत नाही, पण राग कुठून आला ते कळतं.

जाण्याची सोय: वैकिकीहून गाडीने तासभर, मोठ्या लाटांच्या दिवशी दुप्पट धरा. पार्किंग तुटपुंजं आहे. नऊच्या आत पोहोचा किंवा बसने जा. गाडीत मौल्यवान काही ठेवू नका, काचा फुटतात. शाकाहाऱ्यांनी स्पॅम मुसुबीपासून लांब राहावं, त्यात डुकराचं मांस असतं. पोई मात्र चाखा. अळूचा कंद शिजवून, कुटून केलेली ती लापशी आहे. पहिला घास बेचव लागतो, आंबवलेली मागितली तर बरी.

आणि जेलीफिशचे दिवस नेमके तुमच्या सुट्टीत आले, तर त्यातला एक होनोलुलूच्या बिशप म्युझियमला द्या. हवाईच्या सरदारांचे जुने, अवजड लाकडी बोर्ड तिथे आहेत. ते पाहिले की भाड्याचा दहा फुटी बोर्ड उचलताना कुरकुर करणार नाही.