एकट्याचा बँड

१३ जानेवारी, रात्री

सकाळी तारीख बघितली आणि आठवलं. २०१० साली आजच्याच दिवशी अमेरिकन पंक गायक-गिटारवादक जे रीटार्ड मेम्फिसमधल्या आपल्या घरात वारला. वय अवघं २९. मग दिवसभर दुसरं काही ऐकलं नाही. त्याचा 'ब्लड व्हिजन्स' अल्बम, जाताना एकदा आणि येताना एकदा. पंधरा गाणी, पण सगळी मिळून अर्ध्या तासाचीही नाहीत. ठाण्याला गाडीत चढल्यावर लावलं की दादर यायच्या आत संपतं.

२००६ चा अल्बम. त्याआधी त्याचे बँड होते, रीटार्ड्स झाले, लॉस्ट साउंड्स झाले, पण एकट्याच्या नावावरचा हा पहिलाच. घरीच रेकॉर्ड केलेला, आणि जवळजवळ सगळी वाद्यं त्याने स्वतःच वाजवलेली. हे मला आधीपासून माहीत होतं, पण त्याचा अर्थ गेल्या वर्षी कळला.

मी कॉलेजपासून ड्रम वाजवतोय. बँडमध्ये माझी नजर कायम गिटारवाल्याच्या हातावर असते, तो कडव्याकडे वळला की मी वळतो. गेल्या पावसाळ्यात घरी एकट्यानेच एक गाणं रेकॉर्ड करायला बसलो. खिडकीला गादी टेकवली, पंखा बंद केला. आधी ड्रम, कारण बाकीचं सगळं त्यावर बसवायचं असतं. आणि वाजवायला लागल्यावर लक्षात आलं की खोलीत गाणंच नाहीये! ते फक्त डोक्यात आहे, आणि हातांनी त्या न वाजणाऱ्या गाण्याला साथ करायची आहे. दुसऱ्या कडव्यात मी कुठे पोचलोय तेच कळेना. तीन रात्री घालवल्या आणि सोडून दिलं.

तेव्हापासून हा अल्बम वेगळाच ऐकू येतो. एवढ्या वेगात एकटा माणूस एकेक थर चढवत गेलाय, आणि कुठे ढिलाई नाही. उलट प्रत्येक वाद्य पुढच्याला ढकलतंय असं वाटतं. चार जणांनी एकमेकांना सांभाळून घेतलं की गाणं थोडं सैल बसतं, छान बसतं. इथे सांभाळून घ्यायला कोणीच नाही. पंक म्हणजे नुसता आरडाओरडा असं म्हणणाऱ्यांनी यातलं 'माय शॅडो' एकदा ऐकावं. त्या गदारोळाच्या आत चाल इतकी पक्की आहे की भांडी घासतानासुद्धा गुणगुणता येते. चालीची ही ओढ सत्तरच्या दशकातल्या ब्रिटिश पंककडून आलेली असणार. अ‍ॅडव्हर्ट्स या तिथल्या बँडचं एक गाणं त्याने इथे घेतलंच आहे.

शब्दांशी मात्र माझं अजून जमत नाही. रक्त, खून, पछाडलेपण. कव्हरवर तो स्वतः रक्ताने माखून, जवळजवळ उघडाच उभा आहे. आईने एकदा ते बघितलं आणि "याला काय झालंय रे?" एवढंच विचारलं. मला उत्तर देता आलं नाही. आजही देता येणार नाही. पण त्या आवाजातली भीती खोटी नाही, हे मी कोणालाही सांगेन.

पंधराएक वर्षांचा असताना त्याने घरी केलेली टेप गोनर रेकॉर्ड्स या रेकॉर्ड कंपनीच्या एरिक फ्रीडलला पाठवली होती. गिटार आणि गाणं त्याचंच, आणि ड्रमच्या जागी बादली. मी आज गाडीत बराच वेळ त्या बादलीचाच विचार करत होतो. ड्रम नाहीत, बँड नाही, म्हणून तो थांबला नाही. हाताला लागलं ते बडवलं आणि टेप पोस्टात टाकली. पुढे 'ब्लड व्हिजन्स'मध्ये दिसलेली सफाई त्या बादलीपासून सुरू झाली असणार.

उद्या सुट्टी आहे. गादी परत खिडकीला लावणार. या वेळी गाणं मोठ्याने म्हणत ड्रम वाजवून बघतो. माइकमध्ये आवाज शिरला तर शिरू दे.