दोन्ही भोकांत फेज

संध्याकाळच्या वायरमन वर्गाला येणारे बहुतेक जण दिवसभर कामावर राबून आलेले असतात. बरेच जण ठेकेदाराच्या हाताखाली वर्षानुवर्षं वायरिंग करतात, कागद तेवढा मिळवायचा राहिलेला असतो. अशांपुढे फळ्यावर ओहमचा नियम लिहून सुरुवात केली की माना डुलायला लागतात. म्हणून त्या दिवशी मी सरावाच्या बोर्डात आधीच एक फॉल्ट घालून ठेवला: न्यूट्रल लिंकच्या, म्हणजे न्यूट्रल वायरी जोडायच्या पट्टीच्या, स्क्रूखाली तांब्याऐवजी वायरचं आवरणच दाबलं. स्क्रू घट्ट, वायर ओढली तरी निघत नाही, पण जोड नाहीच. घाईत वायर कमी सोलली की साइटवर नेमकं हेच होतं, आणि नुसत्या डोळ्यांना ते दिसत नाही.

पंख्याचं आणि दिव्याचं बटण चालू, तरी दोन्ही बंद. वर्गातले सगळ्यात जुने कारागीर, काका, पुढे आले. सॉकेटच्या उजव्या, फेजच्या भोकात टेस्टर पेटला, डाव्या, न्यूट्रलच्या भोकातही पेटला.

"सर, दोन्हीकडे फेज आहे. शॉर्ट झालंय."

मागची पोरं कुजबुजायला लागली, त्यांना हातानेच गप्प केलं. पन्नाशीच्या माणसाला विशीतल्या पोरांदेखत 'चुकलं' म्हटलं, की तो पुढच्या वेळी तोंड उघडत नाही. "शॉर्ट असता तर एमसीबी टिकला असता का, काका?" एवढंच विचारलं. शॉर्ट झाला की हा आपोआप पडणारा स्विच लगेच पडतो.

काका थबकले. मग पिशवीतून स्वतःचा टेस्ट लॅम्प काढून दोन्ही भोकांत लावला. पेटला नाही. फेज आणि अर्थमध्ये लावला, तर क्षणभर चमकला आणि अख्खा बोर्ड गेला. हशा पिकला. ६० वॅटचा दिवा सुमारे २६० मिलिअँपिअर घेतो. ते सगळे अर्थमध्ये गेल्यावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे अर्थमध्ये करंट गळला की पुरवठा तोडणारा स्विच, पडणारच. जुन्या घरांत आरसीसीबी नसायचा, म्हणून ही सवय खपून गेली. नव्या घरात हाच प्रयोग केला तर वायरमन दुसराच फॉल्ट शोधत बसतो.

आरसीसीबी वर करून काकांच्या हातात मल्टिमीटर दिला. फेज ते अर्थ २३० व्होल्ट. दोन भोकांमध्ये जवळपास शून्य. न्यूट्रल ते अर्थ पुन्हा २३० च्या आसपास. "आता बटणं एकेक करून बंद करा." दिव्याचं बंद केलं, फरक नाही. पंख्याचंही बंद केलं आणि डाव्या भोकातला टेस्टर विझला.

"हा तर पंख्यातून फिरून आलेला रिटर्न!" काका म्हणाले. "न्यूट्रल तुटलाय, त्याला परत जायला वाटच नाही."

इथवर सगळं ठरल्यासारखं झालं. खरी गंमत पुढेच. वर्गाची वेळ संपत आली होती, दोघातिघांची शेवटची बस होती. एका पोराने स्क्रू ड्रायव्हर उचलला. "सर, न्यूट्रलच तर आहे, दहा सेकंदांचं काम." ज्या वायरला तो हात लावणार होता, तिच्यावर कुणी पंख्याचं बटण दाबताच २३० व्होल्ट येणार होते.

शिकवणाऱ्याची परीक्षा होते ती अशा उशिराच्या वेळी. 'मेन बंद करा' हे तोंडाने सगळेच सांगतात. विद्यार्थी लक्षात ठेवतात ते घाईत सरांनी काय केलं ते. आम्ही सगळे पॅसेजच्या टोकापर्यंत चालत गेलो. काकांनी मेन खाली केला, कुलूप लावलं, 'काम चालू आहे' ही पाटी अडकवली आणि किल्ली खिशात टाकली. मग मी टेस्टर शेजारच्या खोलीतल्या चालू सॉकेटवर पाहिला, तिथे पेटला. बोर्डात फेज, न्यूट्रल दोन्हीकडे पाहिला, विझलेला. परत चालू सॉकेटवर पाहिला. ही तिसरी फेरी सगळ्यांना नको असते, पण टेस्टरचा निऑन मधेच गेला असेल तर विझलेल्या टेस्टरवरून काहीच कळत नाही.

दुरुस्ती त्याच पोराकडे दिली. जुनं टोक कापून वायर नव्याने सोलायची, दीड चौरस मिलिमीटरच्या वायरचं तांबं दुहेरी दुमडायचं, स्क्रूखाली आवरण येऊ द्यायचं नाही आणि लिंकबाहेर तांबं दिसू द्यायचं नाही. त्याने स्क्रू आवळला आणि किल्लीसाठी हात पुढे केला.

"आधी वायर ओढून दाखव," काका म्हणाले. मग स्वतः चष्मा लावून लिंकमध्ये डोकावले, आणि किल्ली त्याला न देता आपणच मेनकडे गेले. दोन भोकांमध्ये २३०, न्यूट्रल ते अर्थ दोन व्होल्टच्या आत.