पंचामृतातली साखर

पाहुण्याचं ताट वेगळं वाढायची वेळ आमच्याकडं फक्त आजारपणात येते. त्यामुळं पुण्याच्या भाचीनं फोनवर “मावशी, मी आता व्हीगन झालेय, माझ्यासाठी वेगळं काही करू नकोस, मी चटणी-भाकरी खाईन” असं सांगितलं, तेव्हा मी म्हटलं, तू येशील त्या दिवशी जे तुझं ताट तेच सगळ्यांचं. सगळ्यांचं म्हणजे माझं. ह्यांनी ऐकताक्षणी हात वर केले आणि आत्याबाईंना, म्हणजे सासूबाईंना, विचारायची माझी छाती झाली नाही.

मांस, मासे, अंडी नाहीत, इथपर्यंत आमच्या माळकरी घराला काहीच वाटलं नाही. उलट पोरगी मार्गाला लागली म्हणून आत्याबाई खूश. मग कळलं की दूध नाही. दही, ताक, लोणी, तूप, खवा नाही. मधसुद्धा नाही, कारण तो मधमाश्यांचा. १९४४ साली इंग्लंडात डोनाल्ड वॉटसन आणि त्याच्यासारख्याच काही जणांनी, नुसतं मांस सोडून भागत नाही म्हणत आपली निराळी संस्था काढली, तिथून हे सुरू झालं म्हणे. आत्याबाईंना वॉटसनशी काही घेणं नव्हतं. त्यांनी बोटं मोजली. दूध, दही, तूप, मध, साखर.

“म्हणजे पंचामृतातली नुसती साखर उरली की गं!”

नशीब, वेळ अमावस्या होऊन गेली होती. लातूर-धाराशिवकडं त्या दिवशी शहरं ओस पडतात, सगळी मंडळी शेतात, आणि शेतात आंबिलीचे डेरे. ताकाशिवाय आंबील कशी लावायची, हा प्रश्न त्या दिवशी कुणी विचारला असता तर पांडवांच्या पूजेआधीच महाभारत झालं असतं.

भाची आदल्या संध्याकाळी आली ती पिशवीत काही न आणता. सोयाबीन इथंच मिळेल म्हणाली. मिळेल? लातूरला सोयाबीन मिळेल का, हे विचारणं म्हणजे कहरच. खरिपात बसमधून जिकडं बघावं तिकडं तेच उभं असतं. भाव चढला की कापडाच्या दुकानात गर्दी, पडला की टपरीवर नुसता धूर. पण एवढं पिकवणाऱ्या आमच्या मुलखात सोयाबीनचा दाणा घरात शिजत नाही. पोती भरायची, आडतीला न्यायची, पट्टी घ्यायची. पुढं ते तेल होऊन पिशवीतून परत येतं, तेवढीच काय ती भेट. दिराच्या शेतातल्या बियाण्याच्या पोत्यातून मी दोन वाट्या काढून दिल्या, तर पोरीनं त्या कौतुकानं हातावर घेऊन पाहिल्या.

रात्री भिजत घातलेलं सोयाबीन तिनं सकाळी चोळून साली काढल्या, मिक्सरला वाटलं, फडक्यातून गाळलं आणि चांगलं वीसेक मिनिटं उकळलं. कच्चं पोटाला बाधतं, त्यामुळं उकळायचा कंटाळा करून चालत नाही. पांढरंशुभ्र झालं. बघायला दूधच. आत्याबाई स्वयंपाकघरात आल्या, दारातच थबकल्या.

“आंबोणाचा वास यायलाय.”

बरोबरच होतं त्यांचं. म्हशीला घालतात ते पेंड-भुश्याचं आंबोण आणि हे, दोन्ही एकाच घराण्यातले. मधली म्हैस काढून टाकल्यावर दुसरं काय उरणार! त्या दुधाचा चहा फुटला नाही, एवढंच त्याच्या बाजूनं बोलता येईल. भाची मिटक्या मारत प्याली. मी दोन घोटांनंतर कप खाली ठेवला आणि आलं-गुळाचा कोरा चहा टाकला. तो मात्र फक्कड झाला. एरवी गुळाच्या चहात दूध फाटायची धास्ती असते, इथं दूधच नाही म्हटल्यावर गूळ सढळ हातानं.

नाश्त्याला सुशीला. मुरमुरे भिजवून पिळून घ्यायचे, कांदा-मिरची-शेंगदाण्याची फोडणी, वरून डाळव्याचं कूट, कोथिंबीर, लिंबू. तिच्यात दुधाचा थेंब नाही आणि कधी नव्हताच.

दुपारी मी मुद्दाम काही वेगळं केलं नाही. जानेवारीचे दिवस, हरभऱ्याची कोवळी भाजी खुडून आलेली. ती लसणाच्या फोडणीत, वांगं कारळं आणि शेंगदाण्याच्या कुटात, येसर घातलेली आमटी, ज्वारीची भाकरी, ठेचा, जवसाची चटणी. चटणीवर दह्याऐवजी करडईचं कच्चं तेल. या तेलाला एक करकरीत चव असते, ती पुण्या-मुंबईच्या लोकांना उग्र वाटते. वाटू दे. ताटाकडं बघून मी मनात हिशोब केला, तर यातलं काहीच आज पहिल्यांदा झालेलं नव्हतं. आमचं रोजचं जेवण नव्वद टक्के भाचीच्या पंथातलंच निघालं. काढून टाकायचा होता फक्त तुपाचा चमचा.

आणि तोच नेमका आत्याबाईंच्या हातात होता.

तूप हा आमच्याकडं खायचा पदार्थ नाही, वाढायचा आहे. जावयाला, पाहुण्याला, परीक्षेला निघालेल्या पोराला. स्वतःच्या भाकरीवर तुपाची धार धरलेली बाई मी या घरात पाहिलेली नाही. त्यामुळं पोरीनं ताटावर हात आडवा धरला तेव्हा आत्याबाईंना तूप नाकारल्याचं नाही, स्वतःला नाकारल्याचं वाटलं. दूध-दह्याचं शास्त्र पाठ करून आलेल्या पोरीजवळ याचं उत्तर नव्हतं. “आजी, तेल वाढा ना तुम्ही,” एवढंच ती म्हणाली. चमचा तसाच घेऊन त्या क्षणभर उभ्या राहिल्या आणि मग ते तूप माझ्या भाकरीवर येऊ लागलं. मीही हात आडवा धरला. त्या दिवसातली सगळ्यात अवघड गोष्ट ती. कोरा चहा त्यापुढं काहीच नाही.

जेवणं झाल्यावर आम्ही गच्चीत उन्हाला तीळ निवडत बसलो. संक्रांत जवळ आलेली. भाचीनं मग आपलं म्हणणं मांडलं. म्हशीला वगार झाली तर सांभाळतात, रेडा झाला तर त्याच्या वाट्याला दूध येत नाही, वगैरे. मला वाटलं, आता आत्याबाई बिथरणार. त्यांचं माहेर उदगीरकडचं, गोठ्यात देवणी गाई आणि म्हशी दोन्ही. उदगीरला दुधाची भुकटी करणारा सरकारी प्रकल्प होता, तिकडं घरोघरचं दूध कॅनमधून जायचं, त्यावर त्यांच्या भावांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च निघायचा. पण त्या बिथरल्या नाहीत. तीळ पाखडता पाखडता म्हणाल्या,

“रेडकू मेलं की त्याच्या कातड्यात भुसा भरायचे आन् म्हशीपुढं ठेवायचे. चाटायची ती. चाटता चाटता पान्हा सोडायची. तू म्हणायलीस ते खोटं न्हाई.”

भाची गप्प झाली. हे तिनं कुठं वाचलेलं नसावं.

“मग तुम्ही कसं पीत होतात दूध?” तिनं जरा वेळानं विचारलं.

“मी कुठं प्यालेय?”

खरंच की. दूध डेअरीला, लोणी कढवून तूप डब्यात, डबा आल्यागेल्यासाठी, ताक शेजाऱ्यापाजाऱ्यांना. ताक विकत नसत, ते पाप. घरातल्या बायकांना भाकरी आणि कारळ्याची चटणी. बहात्तरच्या दुष्काळात तर तेही नाही, कामावर मिळणारी सुकडी आणि रेशनची तांबडी मिलो ज्वारी. चहा तेव्हाही कोराच, गुळाचा. आत्याबाई अर्धं आयुष्य या पथ्यावर काढून बसल्या होत्या आणि त्याचं कुणी कौतुक केलं नव्हतं. दूध सोडायला ते आधी वाट्याला यावं लागतं, हे मी बोलले नाही, पण भाचीच्या डोक्यात बहुतेक तेच चाललं असावं. माझ्या दृष्टीनं तिचं म्हणणं त्यामुळं पडत नाही, म्हशीचं दुःख म्हशीचंच राहतं. फक्त ते कोणाला सांगायचं, त्याआधी त्या माणसाच्या वाटीत काय होतं ते बघावं.

चारच्या सुमाराला शेजारच्या वहिनी आल्या. मी सगळ्यांसाठी कोराच चहा ठेवणार होते, तर आत्याबाईंनी मला आत खेचलं. पाहुण्याला कोरा चहा देणं म्हणजे घरात दूध नाही हे गल्लीभर सांगणं! मग दोन पातेली. वहिनींना साईचा, आम्हा दोघींना गुळाचा. वहिनींनी आमच्या कपांकडं पाहिलं आणि काळजीनं विचारलं, “शुगर निघाली का?” मी होकारही दिला नाही, नकारही नाही. त्यांनी येताना कुंथलगिरीचे पेढे आणले होते. भूमकडच्या खव्याचा तो तांबूस, भाजका पेढा ज्यानं खाल्लाय त्यालाच माझी अवस्था कळेल. मी डबा उघडला, वास घेतला आणि फ्रिजमध्ये ढकलला. वास कुणाच्याही नियमात बसतो.

जाता जाता वहिनींनी पोरीला ताकद कुठून येणार म्हणून विचारलंच. ज्वारी, डाळी, शेंगदाणे, तीळ, एवढं पोटात जात असताना ताकदीची काळजी मला तरी नव्हती. वनस्पतींमधून बी-१२ मिळत नाही हे मात्र खरं, त्यासाठी भाची गोळी घेते. यावर ह्यांना फार हसू आलं. पण रोज अर्धा लिटर दूध घरात येत असताना मलाही डॉक्टरांनी बी-१२ची इंजेक्शनं दिली होती, तेव्हा हे हसले नव्हते.

रात्री धपाटे. आता धपाटे दह्याशिवाय म्हणजे घशाला बूच. भाचीनं आल्या आल्याच शेंगदाण्याचं दूध काढून त्यात हिरव्या मिरचीचे देठ घालून ठेवले होते. थंडीमुळं जमायला रात्र गेली, वर आख्खा दिवस गेला, आणि आत्याबाई दर तासाला झाकण उचलून बघत होत्या, पण जमलं. घट्ट, जरा पिवळट, आंबट. नुसतं खाल्लं तर शेंगदाणा पुढं येतो. त्यात मीठ आणि लसणाची चटणी कालवली तर मला वेगळं ओळखू आलं नसतं. ह्यांनी म्हशीच्या दह्याची वाटी शेवटपर्यंत हातची सोडली नाही, तरी दोन वेळा इकडं चमचा घातला. देठांनी दही लागतं, हे मात्र आत्याबाईंनी लगेच उचलून धरलं, दुष्काळात विरजण मिळेना तेव्हा त्यांच्या आईनंही हेच केलं होतं म्हणे.

मग त्या एकदम म्हणाल्या, “हिच्या लग्नाच्या पंगतीला काय करायचं गं?”

“लग्न ठरलंय का?” ह्यांनी विचारलं.

“लग्न ठरंल तवा ठरंल. पंगत ठरवून ठेवावी.”

बुंदी तेलात तळता येते, तिथं अडचण नाही. भात, वरण, वांग्याची भाजी, पुरी, सगळं जमतं. वरणावरच्या तुपाला फाटा द्यायला आत्याबाई नाइलाजानं तयार झाल्या. अडलं ते मठ्ठ्यावर. मठ्ठ्याशिवाय उठलेली पंगत म्हणजे नवऱ्याकडच्यांना वर्षभर बोलायला जागा. भाची म्हणे शेंगदाण्याचाच करू, कुणाला कळतंय. आत्याबाई म्हणे वऱ्हाडाला फसवायचं नाही, दोन पिंपं ठेवू आणि मुलाकडचे लोक जिकडं जातील तिकडं जाऊ देत.

“पण आजी, मला तर रजिस्टर लग्न करायचंय.”

“करा की. त्याला काय मठ्ठा लागत न्हाई?”

एवढ्या देठांच्या मिरच्या कुणाच्या शेतातून आणायच्या, यावर त्या दोघींची बोलणी मी झोपायला गेले तरी चालूच होती.