क्लीनर झोपतो तिथे बसवलेला वूफर

फैजपूरला माझं गाड्यांच्या साउंड सिस्टिमचं दुकान आहे. केळीचा माल निघायला लागला की ट्रकवाले रात्री नऊलाही शटर वाजवतात, त्याचं काही नाही, पण गेल्या महिन्यातली एक गाडी अजून डोक्यातून जात नाहीये.

रावेरहून दिल्लीला केळी नेणारी गाडी. ड्रायव्हर म्हणे, "दादा, आवाज तं येऊन राह्यला पण नुसता भुमभुम, गाणं कयतच नई." स्लीपरची, म्हणजे केबिनमधल्या झोपायच्या जागेची, फळी उचलली तर खाली बारा इंची वूफरचा (जड आवाजाच्या स्पीकरचा) रेडीमेड पोर्टवाला, म्हणजे हवेसाठी नळी असलेला, बॉक्स, आणि तो बसत नव्हता म्हणून कोणीतरी सुताराकडून कापून लहान केलेला! साधारण दोन घनफुटाचा बॉक्स सव्वावर आणलेला, पोर्टची नळी मात्र जशीच्या तशी. अहो, पोर्टच्या बॉक्समध्ये आतली हवा आणि ती नळी मिळून सूर धरतात, हवा कमी केली की सूर वर चढतो. ३५ हर्ट्झचा बॉक्स ४५ च्या आसपास गेला, आणि त्या सुराच्या खाली कोनला, म्हणजे वूफरच्या हलणाऱ्या पडद्याला, हवेचा आधारच राहत नाही, तो नुसता फडफडतो. नाक लावून पाहिलं तर कॉईल जळाल्याचा वास. वर २४ व्होल्टच्या गाडीत, जिथे बारा-बाराच्या दोन बॅटऱ्या जोडलेल्या असतात, एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट काढलेले, म्हणजे एक बॅटरी कायम उपाशी आणि दुसरी ओव्हरचार्ज. २४ चे १२ व्होल्ट करणाऱ्या कन्व्हर्टरचे पैसे वाचवून बॅटऱ्यांची वाट लावणाऱ्या फिटरचा मला मनापासून राग येतो.

लोक आधी वूफर घेतात आणि मग त्याला जागा शोधतात. आधी टेप काढायचा असतो. फळीखाली उंची ११ इंच. वूफर खालच्या बाजूला तोंड करून लावायचा तर दोन इंचाचे पाय पाहिजेत आणि वर एक इंच मोकळं, म्हणजे बॉक्स बाहेरून ८ इंच. बॉक्सची एमडीएफ पाटी १८ मिलीची, दोन्हीकडून जाडी गेली की आत साडेसहाच उरतात, त्यात बारा इंचीचा मॅग्नेट जवळपास वरच्या पाटीला टेकतो. म्हणून दहा इंची, बिननळीचा बंद बॉक्स, बाहेरून १७ बाय १३ बाय ८. आतल्या इंचांचा गुणाकार करून १७२८ ने (एका घनफुटातले घनइंच) भागला तर साधारण ०.६८ घनफूट, त्यातून वूफरनं अडवलेली जागा वजा. बंद दहा इंचीला एवढं बरोबर बसतं. ड्रायव्हरचं तोंड उतरलं, दहा म्हणजे त्याला कमीपणाच वाटत होता, पण ढोलकी लावली तेव्हा थाप न् थाप वेगळी ऐकू आली आणि तो गप्प उभा राहिला. सांधे मी स्वतः सिलिकॉननं भरले होते, आतून, बोट फिरवून.

तिसऱ्या दिवशी इंदूरच्या पुढून फोन. "दादा, रात्री बॉक्स खडखड करून राह्यला, दिवसा नई करत."

गाडी परत आली तेव्हा फळीवर बसून पाहिलं आणि पोटात गोळा आला. मधोमध वजन पडलं की फळी इंचभर वाकते. मी माप घेतलं ते रिकाम्या फळीचं. रात्री तिच्यावर क्लीनर झोपायचा, विशीतला पोरगा, आणि बॉक्सची कड फळीतून त्याच्या पाठीला लागायची. दिल्लीपर्यंत जाऊन येऊन तो तसाच झोपला होता. विचारलं तर म्हणाला, "चालते ना दादा," आणि ताडपत्रीची दोरी गुंडाळत बसला.

बॉक्स मागच्या कोपऱ्यात सरकवला, तिथे खाली लोखंडी अँगल आहे, फळी वाकत नाही. अर्ध्या तासाचं काम, पैसे घेतले नाहीत. पण माप घेताना तो पोरगा तिथेच उभा होता, टेपचं दुसरं टोक त्यानंच धरलं होतं, आणि मी सगळं ड्रायव्हरला विचारत होतो. आता स्लीपरखालचं काम आलं की आधी जो झोपतो त्याला फळीवर आडवं व्हायला सांगतो, मग टेप लावतो.