तुम्ही विचारलंत म्हणून: निळे केस का सोडले

राजारामपुरीत भाजी घेताना, ऑफिसच्या जिन्यात, परवा बहिणीच्या हळदीतसुद्धा तेच. "निळे केस चांगले दिसत होते की गं, पर्मनंट तपकिरी कशाला केलेस?" मी तोंड उघडायच्या आत उत्तरही त्यांचंच तयार, "आई ओरडली असणार." आई ओरडली नाही. एकदा नीट सांगते.

तीन वर्षं केस निळे होते. काळ्या केसांवर निळा उठून दिसायला आधी ब्लीच करून मूळ रंग काढावा लागतो. ब्लीचनं केसावरचे खवले उचकटलेले असतात, त्यामुळे ते रंग पटकन पितात आणि तितक्याच पटकन सोडतात. माझा निळा सेमी-पर्मनंट होता. असा रंग तयारच असतो, केसाला जाऊन बसतो आणि धुण्यागणिक निघतो. म्हणून थंड पाणी, गडद टॉवेल, दर पंधरा दिवसांनी पुन्हा वाटी आणि ब्रश. मी ते हौसेनं केलं. पण कोल्हापूरचा जुलै! गाडीवरून ताराराणी चौकापर्यंत यायचं म्हटलं तरी मानेवरून निळे ओघळ. गेल्या जुलैत तशीच भिजून आजीकडे गेले. तिनं जवळ घेतलं आणि तिच्या पांढऱ्या पातळावर डाग पडला. "असू दे," म्हणाली. पातळ मी तीनदा धुतलं. डाग गेला नाही. त्या रात्री ठरवलं, आता पर्मनंट.

ॲश ब्राऊन, म्हणजे थंड राखाडी छटेचा तपकिरी आणला, सोबत रंगात मिसळायचा २० व्हॉल्यूमचा डेव्हलपर, म्हणजे ६ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड. ४८ तास आधी कानामागे थोडा लावून ॲलर्जीची पॅच टेस्ट केली. ती नीट निघाली, त्याचाच धीर आला. एका बटेवर लावून बघायला हवं होतं, ते केलं नाही. पर्मनंट रंग अमोनिया आणि पेरॉक्साइडच्या जोरावर केसातला मूळ रंग उडवतो आणि नवा आतमध्ये तयार करतो. माझ्या केसांत उडवायला मूळ रंग उरला होता कुठे? पेरॉक्साइडला सापडला तो नुसता केस.

धुवायला बसले तर पाणी काळपट हिरवं. ब्लीचचा पिवळा, उरलेला निळा आणि वर थंड छटेचा तपकिरी, दुसरं होणार काय? आधी तांबूस फिलर, म्हणजे ब्लीचनं गेलेली तांबूस छटा परत देणारा रंग, भरायला हवा होता. आरशात रंकाळ्याच्या काठावरच्या शेवाळाचा रंग दिसत होता. पण रंगाचं दुःख नंतरचं. ओला केस बोटांत धरला तर रबरासारखा ताणत गेला आणि आखडलाच नाही. कानामागची एक बट हातात आली. मग दुसरी. मी नळ बंद केला नाही, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. आई आलीच. काही विचारलं नाही, पाट सरकवला, कात्री आणली आणि तुटलेलं तेवढं कापत राहिली. मध्येच म्हणाली, "दुखतंय का गं?" केस कापताना दुखत नाही, तिलाही माहीत आहे. तेव्हा मी रडले.

पुढे पार्लरमध्ये फिलर भरून, १० व्हॉल्यूमवर, म्हणजे निम्म्या ताकदीच्या डेव्हलपरवर, हा तपकिरी झाला. टोकांवरून तो तीन आठवड्यांत उतरतोच. इतक्या पोकळ केसावर पर्मनंटही टिकत नाही.

मी पूर्वी सगळ्यांना ठासून सांगायचे, सेमी-पर्मनंटनं केसांना काही होत नाही. रंगापुरतं ते आजही खरं आहे. त्याखालच्या ब्लीचबद्दल मात्र मी गप्प बसायचे. आणि आई ओरडली नाही हेही खरं, पण तेव्हा बहिणीचं लग्न ठरत आलं होतं. फोटोत चारचौघींसारखं दिसावं असं मनात आलंच नव्हतं, हे मला छातीठोक सांगता येणार नाही. आजीचा डाग खरा होता. तो एकटाच होता का, हे मी अजून स्वतःला विचारते.

निळ्याची अर्धी डबी कपाटात आहे. मुळांशी दोन इंच काळे केस आलेत, हाताला घट्ट लागतात. त्यांना ब्लीच लावणार का, एवढं मात्र विचारू नका. माझंच ठरत नाही.