नऊ वर्षांनी आलेलं मतदान आणि आमच्या गल्लीची नावं

आमच्या नगर परिषदेची मागची निवडणूक 2016च्या अखेरीस झाली. पाच वर्षांची मुदत संपली आणि मुख्याधिकारीच प्रशासक झाले. पुढचं मतदान झालं थेट 2 डिसेंबर 2025 रोजी. मधल्या काळात गटार तुंबलं, दिवे गेले, तरी दार ठोठवायला नगरसेवक नव्हता. अर्ज द्यायचा आणि उत्तराची वाट बघायची. ओबीसी आरक्षणाचा वाद न्यायालयात होता, प्रभाग रचनेचे नियम बदलत होते, हे मला कळत होतं. पण राज्यघटनेचं कलम 243 यू सांगतं की पालिकेची मुदत पहिल्या सभेसाठी ठरलेल्या तारखेपासून पाच वर्षं, त्याहून जास्त नाही आणि नवी निवडणूक ती मुदत संपायच्या आत पूर्ण झाली पाहिजे. इतकं स्पष्ट लिहिलेलं असताना चार वर्षं जातात, याचा मला मनापासून राग येतो.

6 मे 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घ्या म्हणून सांगितलं आणि थंड पडलेली सगळी यंत्रणा एकदम पळायला लागली. प्रभाग रचनेचा आराखडा, त्यावर हरकती, आरक्षणाची सोडत, मतदार यादी, सगळं एकामागून एक. पुढे मुदतवाढ मिळाली, पण सामान्य मतदाराच्या वाट्याला प्रत्येक टप्प्यावर मोजकेच दिवस आले. आमच्यासाठी खरा पेच मतदार यादीचा होता.

ऑक्टोबरमध्ये प्रारूप यादी लागली, तीही दिवाळीच्या तोंडावर. नगर परिषदेत फलकाशी उभी राहून पाहिलं तर आमच्या अर्ध्या गल्लीची नावं नाल्यापलीकडच्या प्रभागात. नकाशात आमची गल्ली नाल्याच्या अलीकडे, यादीत पलीकडे. असं का होतं, हे तिथल्या लिपिकांनी नीट समजावलं. स्थानिक निवडणुकीसाठी वेगळी यादी तयारच होत नाही. विधानसभेची यादी घेऊन तिचे भाग प्रभागांत फोडतात. एका भागात दोन-तीन वस्त्या असतात, पत्त्याच्या रकान्यात अनेकांचा नुसता घर क्रमांक असतो, मग फोडणाऱ्याने ते घर कुठे टाकायचं? कारण पटलं. म्हणून गप्प बसायचं नव्हतं.

एक सामूहिक निवेदन देऊ, असं गल्लीतले बहुतेक म्हणत होते. मी हट्टाने ज्याचा त्याचा अर्ज भरून घेतला. प्रत्येकाचा यादी भाग, अनुक्रमांक, मतदार ओळखपत्राचा नंबर, सोबत आधार आणि लाइट बिलाची झेरॉक्स. वर अंतिम प्रभाग नकाशाची प्रत, आमच्या गल्लीवर लाल पेनाने खूण केलेली. हा नकाशाच सगळ्यात कामी आला. पाहणीला आलेल्या कर्मचाऱ्याने तो हातात धरून नाल्यापर्यंत चालत जाऊन खात्री केली. प्रत्येक अर्जाची शिक्का मारलेली पोच घेतली. शेजारचे अप्पा म्हणाले, "एवढ्या कागदांचं काय करायचं?" मी म्हटलं, "अप्पा, उद्या अंतिम यादीत नाव नसलं तर बोलायला हातात काहीतरी हवं."

अंतिम यादीत आमची नावं आमच्या प्रभागात आली. एक-दोन राहिली, त्यांना नाल्यापलीकडे जाऊन मतदान करावं लागलं.

एक गोष्ट मात्र आमच्या हातात नव्हती. समोरची मुलगी ऑगस्टमध्ये अठरा वर्षांची झाली. यादी 1 जुलै 2025 ची धरलेली, त्यामुळे तिचं नाव येणं शक्यच नव्हतं. नवीन नाव घालण्याचं काम नगर परिषदेचं नाहीच. त्यासाठी विधानसभेच्या यादीत नमुना 6 भरावा लागतो. तिने तो भरला, पण ही निवडणूक हुकली. तिच्या ताईला 2017 मध्ये अठरा पूर्ण झालेली. नगर परिषदेसाठी तिचं पहिलं मत पडलं सव्विसाव्या वर्षी. निवडणूक लांबणं म्हणजे काय, हे मला या दोघींकडे बघून जास्त कळलं.

मतदानाला आम्ही सकाळीच गेलो. दोन सदस्य आणि थेट नगराध्यक्ष, अशी तीन मतं. 3 तारखेला ठरलेली मतमोजणी पुढे 21 डिसेंबरवर गेली, तेही सोसलं.

नवीन सभागृहाची पहिली सभा कोणत्या तारखेला ठरली, ते मी नगर परिषदेकडे लेखी विचारलं आहे. मुदत त्याच दिवसापासून मोजली जाते. ती तारीख मिळाली की त्यात पाच वर्षं मिळवायची आणि शेवटच्या वर्षाच्या सुरुवातीलाच राज्य निवडणूक आयोगाला पत्र टाकायचं, असं आम्ही गल्लीतल्या बायकांनी ठरवलंय. पत्राचा मसुदा माझ्याकडे तयार आहे.