३९० च्या गाडीत ऑइल कुठलं टाकायचं?

फॉर्म्युला स्टुडंट, म्हणजे कॉलेजच्या टीम्सनी स्वतः बनवलेल्या रेसिंग गाड्यांची स्पर्धा. तिथल्या गाडीला चाकं चार असली, तरी पाठीमागे बसवलेलं इंजिन मोटरसायकलचं असतं. ऑइल घ्यायला दुकानात जाण्याआधी एवढी एक गोष्ट डोक्यात पक्की हवी. आमच्या पुण्यातल्या कॉलेजांत बऱ्याच टीम्स केटीएम ३९० या बाईकचं इंजिन वापरतात, कारण ते इथेच चाकणला बनतं आणि पार्ट मिळायची चिंता नसते. मी टीममध्ये पॉवरट्रेन, म्हणजे इंजिन-गिअरबॉक्सचं काम, बघायचे. आता नोकरी सांभाळून रविवारी वर्कशॉपला जाते, तेव्हा ज्युनिअर्सचा प्रश्न ठरलेला असतो, "ताई, शेवटी कारच आहे ना? मग कारचं भारीतलं ऑइल टाकू का?"

नाही. कारमध्ये इंजिनचं ऑइल वेगळं, गिअरबॉक्सचं वेगळं, आणि क्लच कोरडा. ३९० मध्ये तेच दीड-पावणेदोन लिटर ऑइल क्रँकलाही (पिस्टनने फिरणाऱ्या दांड्याला) पुरतं, गिअरच्या दातांनाही, आणि क्लच प्लेट्सही त्यातच बुडालेल्या. कारच्या पातळ ऑइलमध्ये पेट्रोल वाचावं म्हणून घर्षण कमी करणारी रसायनं घालतात. क्लचला मात्र घर्षणच हवं असतं. एका वर्षी शेजारच्या पिटमधल्या टीमने महागडं ५डब्ल्यू-३० कारचं ऑइल भरलं होतं. ७५ मीटरच्या अ‍ॅक्सिलरेशनला, म्हणजे सरळ रेषेतल्या शर्यतीला, आरपीएम वर चढत होते आणि गाडी मागेच राहत होती. क्लच सरळसरळ स्लिप मारत होता.

म्हणून डबा उलटा करून आधी जासोचा, म्हणजे बाईकच्या ऑइलची प्रत ठरवणाऱ्या जपानी मानकाचा, शिक्का बघा. एमए किंवा एमए२ हवा, त्यातही एमए२ ला माझी पसंती, कारण त्यात क्लचची पकड जास्त. एमबी लिहिलेलं ऑइल स्कूटरसाठी असतं, ते नको. नाना पेठेत दुकानदार घाईत असतो. "सगळं एकच आहे" म्हणाला, तरी शिक्का वाचूनच पैसे द्या.

ग्रेडचा, म्हणजे ऑइलच्या जाडीच्या आकड्याचा, वाद मी लांबवत नाही. कंपनीच्या पुस्तकात १५डब्ल्यू-५० दिलंय, मी तेच भरते. शंभर अंशांना ५० ग्रेडची चिकटाई किमान १६.३ सेंटिस्टोक्स असावी लागते, ४० ची १२.५. आमच्या गाडीत इंजिन ड्रायव्हरच्या पाठीमागे दडलेलं असतं, त्याला बाईकसारखा वारा लागत नाही. २२ किलोमीटरच्या एन्ड्युरन्समध्ये, म्हणजे लांब पल्ल्याच्या फेरीत, ऑइल चांगलंच तापतं. शिवाय गिअरचे दात ऑइलमधल्या पॉलिमरचे (गरम झाल्यावर जाडी टिकवणाऱ्या रसायनाचे) तुकडे करतात आणि ते पातळ होत जातं. १०डब्ल्यू-५० पेक्षा १५डब्ल्यू-५० मध्ये पॉलिमर सहसा कमी लागतो, त्यामुळे ते जास्त टिकतं.

पण ज्यावर खरा जीव ओतायला हवा ते वेगळंच आहे. बाईक वळणावर झुकते. पाण्याची बादली गरगर फिरवली तरी पाणी तळाशीच राहतं, तसं झुकलेल्या बाईकमध्ये ऑइल संपच्या, म्हणजे इंजिनखालच्या ऑइलच्या टाकीच्या, तळाशीच राहतं. ते पुढे-मागे हलतं फक्त ब्रेक आणि थ्रॉटलला, आणि पिकअपची, म्हणजे पंप ऑइल ओढतो त्या तोंडाची, जागा त्याच हिशोबाने ठरलेली असते. आपली गाडी मात्र वळणावर सपाटच राहते. स्किडपॅड म्हणजे डाव्या आणि उजव्या वर्तुळात गाडी फिरवायची चाचणी, तिच्या आतल्या वर्तुळाचा व्यास १५.२५ मीटर. साडेपाच सेकंदांत फेरी मारली, तर बाजूचा जोर साधारण १.२ जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या १.२ पट, येतो. म्हणजे संपमधल्या ऑइलची पातळी जवळजवळ पन्नास अंशांनी कलते, तीही अख्खी फेरीभर! पिकअप उघडा पडला की पंप हवा ओढतो. मग डब्यावर कितीही मोठं नाव असू दे, बिग एंडच्या (पिस्टनचा दांडा क्रँकला जोडला जातो तिथल्या) बेअरिंगला त्याचा काय उपयोग?

होंडा सीबीआर ६०० वापरणाऱ्यांना संप खालून उतरवून आत बॅफल, म्हणजे ऑइल हिंदकळू न देणारा पडदा, बसवता येतं. ३९० चं क्रँककेस, म्हणजे इंजिनचं खालचं कवच, उभं दुभंगतं, तिथे ते काम सोपं नाही. ऑइल थोडं जास्त भरणं हा उपाय सगळेच करतात. मीही शे-दीडशे मिली वर ठेवते, त्याहून जास्त नाही. क्रँक ऑइल घुसळायला लागला की फेस होतो, आणि ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून, ते कॅच कॅनमध्ये (बाहेर आलेलं ऑइल साठवणाऱ्या डब्यात) येतं. पैसे उरले असतील तर महाग ऑइल घेण्याआधी प्रेशर सेन्सर घ्या. डेटा लॉगरवर बाजूचा जी आणि ऑइल प्रेशर एकाखाली एक लावा. एकाच बाजूच्या वळणावर प्रेशर पडत असेल तर पिकअप कुठे उघडा पडतोय ते लगेच कळतं.

मॅपिंग, म्हणजे इंजिनाला किती पेट्रोल द्यायचं ते कॉम्प्युटरवर ठरवणं, झालं की ऑइल बदलायचंच. रिच, म्हणजे पेट्रोल जास्त देऊन, चालवताना पेट्रोल पिस्टनच्या रिंगवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. फिलर कॅप उघडून नाक जवळ नेलं की वास येतो. फिल्टर फेकू नका. त्याच्या कागदाच्या घड्या कापून पांढऱ्या फडक्यावर पसरा आणि टॉर्च तिरका धरा. काळपट गाळ बहुधा क्लचचा असतो, त्याची फार काळजी नाही. चकाकणारे पापुद्रे दिसले, विशेषतः तांबूस, तर इंजिन उघडल्याशिवाय कोईम्बतूरला स्पर्धेसाठी निघू नका.

कुणाकडे ३९० चा स्किडपॅडमधला प्रेशर लॉग असेल तर मला जरूर पाठवा. डाव्या आणि उजव्या वर्तुळातला फरक मला वेगवेगळ्या गाड्यांवर ताडून बघायचाय.